हाराएवढी जागा

इथे इंग्लंडात आमच्या भागातल्या मराठी घरांत कुणी गेलं की पहिला फोन फ्युनरल डायरेक्टरला जायचा आणि दुसरा माझ्या घरमालकांना. फोन करणारा बिचारा घसा साफ करत, कुठून सुरुवात करावी याची जुळवाजुळव करत असायचा. हे त्याला तेवढाही वेळ द्यायचे नाहीत. पलीकडून "काका, एक वाईट बातमी..." एवढं आलं की हे विचारायचे, "हार केवढा आहे?"

हार म्हणजे फोटोला घालायचा. ताजा की चंदनाचा, जाड की बारीक, त्यावर फ्रेमचा आकार ठरायचा. मग ते बागेतल्या शेडमध्ये जायचे आणि संध्याकाळपर्यंत फ्रेम तयार असायची. गेलेल्या माणसाचा एकट्याचा, छातीपर्यंतचा, नजर थेट समोर असलेला फोटो. तो त्यांच्याकडे नाही, असं कधी झालं नाही. म्हणजे एकदा झालं. ते माझ्यामुळे झालं, आणि तेच सांगायला हे लिहायला घेतलं आहे.

मी तेव्हा मेडिसिन वॉर्डात ज्युनिअर डॉक्टर होते आणि मेडनहेडला त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. ते साठी ओलांडलेले, एकटे, पेशाने फोटोग्राफर. स्लाव ते रेडिंग या पट्ट्यातली मराठी लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, मंडळाचा गणपती, सगळं त्यांच्याच कॅमेऱ्यातून गेलेलं. उंच, खांद्यात वाकलेले, अंगात बाराही महिने तेच तपकिरी कॉर्डरॉयचं जाकीट. फोटोग्राफर म्हटला की माणूस कसा बोलका असतो, "जरा हसा" वगैरे म्हणतो. हे एक अक्षर बोलायचे नाहीत. तुमच्याकडे इतका वेळ बघत राहायचे की तुम्हीच ओशाळून शर्टाची बटणं चाचपायला लागायचात. चहा बिनदुधाचा, तोही केमिकल मोजायच्या काचेच्या जगमधून. "धुतलाय," एवढंच सांगायचे. त्या घरात मी माझा चहा कायम माझा मी केला.

लग्नांना ते डिजिटल कॅमेरा न्यायचे, कारण लोकांना दुसऱ्या दिवशी सीडी हवी असायची. पण खांद्याच्या बॅगेत एक जुना, विटेसारखा जड, रोलचा कॅमेराही असायचा. तो फक्त एकट्याच्या फोटोसाठी. माणशी एकच फ्रेम. मी एकदा विचारलं, "काका, नेमके डोळे मिटले तर?"

"मिटत नाहीत," ते म्हणाले.

हा फोटो काढताना ते आधी जवळ यायचे आणि मग दोन पावलं मागे जायचे. ती दोन पावलं सगळ्या मंडळाला ठाऊक होती. "लोक चेहरा भरून फोटो काढतात," ते मला एकदा म्हणाले होते, "आणि मग हार घातला की हनुवटी जाते. माणूस हारात बुडाल्यासारखा दिसतो. काढतानाच हाराला जागा सोडायला पाहिजे."

त्यामुळे हे बॅगेत हात घालताना दिसले की हॉलमधल्या आज्या पदर सावरत टॉयलेटकडे निघायच्या. इकडेच जन्मलेली एक विशीतली मुलगी गणपतीत आपल्या आजीला ओरडून म्हणाली होती, "आजी, काका टू स्टेप्स बॅक गेली! मूव्ह, मूव्ह!" सगळा हॉल हसला. आजीही हसली, पण खुर्ची सोडून.

मंडळाचे सेक्रेटरी मात्र हलले नाहीत. बावन्न वर्षांचे, आयटीतले, आठवड्यातून तीनदा बॅडमिंटन खेळणारे. "काढा हो काका, बघू तरी तुमची पॉवर," म्हणत छाती पुढे काढून उभे राहिले. दिवाळीचा कार्यक्रम होता. दोन पावलं मागे, एक क्लिक. जानेवारीत ऑफिसच्या कार पार्कमध्ये गाडीचं दार उघडता उघडता ते कोसळले. त्यांच्या बायकोचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात टोस्ट भाजत होते. "हार केवढा आहे?" हे शब्द कानावर आले आणि माझा टोस्ट जळून कोळसा झाला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या मागोमाग शेडमध्ये गेले. लाल बल्ब, ट्रे, दोरीला चिमटे, आणि एक करड्या रंगाचं लोखंडी कपाट. खण ओढला तर आत ब्राऊन पाकिटं, शंभरेक तरी, उभी लावलेली. प्रत्येक पाकिटात एक प्रिंट आणि एक निगेटिव्ह. त्यांनी सेक्रेटरींचं पाकीट काढलं. त्यावर नाव होतं आणि नावाखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'डावा हात चोळतो'.

"हे काय?"

"चोळत होता," ते म्हणाले.

"काका, लोक तुमच्याबद्दल काय बोलतात ते माहीत आहे ना?"

त्यांनी फोटो उजेडाकडे धरला. फोटोत सेक्रेटरी हसत होते आणि त्यांच्या छातीवर मोकळी जागा होती. "मी कुणाला बोलावत नाही, डॉक्टर," ते म्हणाले. "मी फक्त वेळेवर असतो."

योगायोग म्हणजे काय ते आम्हाला कॉलेजात शिकवलेलं असतं. म्हातारी माणसं जातात, आणि हे बहुतेक म्हाताऱ्यांचेच फोटो काढतात, मग दुसरं काय होणार? असं मी स्वतःला व्यवस्थित समजावलं. आणि तेव्हापासून त्यांच्या हातात तो जड कॅमेरा दिसला की मी खोलीचं दार लावून घेऊ लागले.

शेडमागे सिकॅमोरची तीन उंच झाडं होती. सिकॅमोर हे मेपलच्याच कुळातलं झाड. हे कधीकाळी कॅनडात बहिणीकडे दोन हिवाळे राहिले होते, तिथे मेपलचा रस काढायला शिकून आले, आणि इकडे मेपल नाही तर सिकॅमोर, असं म्हणून त्यांनी ते चालू ठेवलं होतं. जानेवारीच्या शेवटी रात्री गोठून दिवसा ऊन पडायला लागलं की ते हाताचं ड्रिल घेऊन निघायचे. आधी खोडाला कान लावून उभे राहायचे, चांगली पाच-पाच मिनिटं. मग दोन पेरं खोल, किंचित वर चढतं भोक, त्यात नळी आणि नळीखाली आपल्याकडचा कडीचा स्टीलचा डबा. रस दिसायला नुसतं पाणी. धुक्याच्या सकाळी मी ड्यूटीवरून यायचे तेव्हा झाडं दिसायची नाहीत, फक्त तीन आवाज यायचे, तीन वेगळ्या लयींत. टप. टपटप. टप. वॉर्डात सलाईन लावलेल्या पेशंटजवळ उभं राहावं तसं वाटायचं. फक्त इथे पेशंटच्या अंगातून बाहेर पडत होतं.

"भोक पाडून झाड मरत नाही?" मी विचारलं होतं.

"भोकाने नाही मरत. मरणारं झाड मला आधीच कळतं. त्याला मी ड्रिल लावत नाही."

'आणि माणसाला कॅमेरा लावता,' असं ओठांवर आलं होतं.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एकच फ्रेम होती आणि तिला चंदनाचा हार होता. फोटो विचित्र होता. कुठल्यातरी लग्नाच्या फोटोची कडा मोठी करून घेतलेली, दाणेदार. एक उंचावलेला हात, हातात फ्लॅश, आणि फ्लॅशमागे बाईचा अर्धा चेहरा, तोही हललेला. रोज सकाळी ते हार थोडा उचलून पाहायचे आणि परत सोडायचे. वर्षभर त्या फोटोखालून मी ये-जा केली, पण कोणाचा आहे ते विचारलं नाही. खरं सांगायचं तर भीती वाटायची.

आणि अशात आईचं यायचं ठरलं. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती, कोल्हापूरला ती भावाकडे होती, दोन महिने माझ्याकडे राहणार होती. ती यायच्या आदल्या दिवशी मी बागेत गेले. ते ड्रिलला तेल देत होते.

"काका, माझी आई येतेय. तिचा एकटीचा फोटो काढायचा नाही. मला शब्द द्या."

त्यांनी ड्रिलचं चाक एकदा फिरवून पाहिलं. "बरं," म्हणाले.

आई आली आणि तिसऱ्या दिवशी तिने बागेचा ताबा घेतला. रस आटवायला त्यांनी विटांची चूल मांडली होती, वर रुंद पसरट ट्रे. चाळीस बाटल्या रस आटला की एक बाटली सिरप निघायचं, त्यामुळे चूल दिवस दिवस पेटती असायची. आईने पळीभर चाखलं आणि ओरडलीच, "अगं, ही तर काकवी!" तिच्या माहेरी गुऱ्हाळ होतं. काहिलीशेजारी बसून वाढलेली ती. तिने पळी हातात घेतली, फेस कसा काढायचा ते दाखवलं, थेंब गार पाण्यात टाकून तार बघायला शिकवलं.

"भाऊ, भेंडी आणा भेंडी. भेंडीच्या पाण्याने मळी कशी वर येतेय बघा!"

आणि हे, ज्यांच्या तोंडून मी सलग चार वाक्यं ऐकली नव्हती, ते स्लावला जाऊन भेंडी घेऊन आले. मी खिडकीतून बघायचे तर चुलीपाशी आई मोजे काढून पाय शेकत बसलेली, हे ढवळतायत आणि चक्क हसतायत. भिंतीवरची ती बाई म्हणजे त्यांची बायको, हे आईला आठवडाभरात कळलं होतं.

"त्यांच्याबरोबर लग्नांना जायची बिचारी, लाईट धरायला," आई मला भाजी निवडताना म्हणाली. "तीस वर्षं. सगळ्या जगाचे फोटो निघाले, तिचा एक नाही. पासपोर्टचा लावायचा म्हटला तर म्हणतात, तो पोलिसांना दाखवायचा फोटो. म्हणून तो तसला लावलाय. मला तर रडूच आलं गं."

मी म्हटलं, "बरं, तू त्यांच्यासमोर फार बसत जाऊ नकोस."

"का?"

मी भाजीची जुडी पुढे ओढली. डॉक्टर मुलीने आईला काय सांगायचं होतं?

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी दुपारी घरी आले. आई वर आडवी झाली होती. हे चुलीपाशी होते. "गाळायचं फडकं शेडमध्ये राहिलंय, आणता का?" म्हणाले. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्यांनी मला मुद्दाम पाठवलं असेल. फडकं टेबलावरच होतं. त्याच्या शेजारी पाकीट होतं. वर पेन्सिलीने लिहिलेलं, 'डॉक्टरांच्या आई. चपलेची खूण.'

आत आईचा फोटो होता. झाडाखाली स्टुलावर बसलेली, हिरवी इरकली नेसलेली, गळ्यात मंगळसूत्र नसल्यामुळे रिकामी झालेली जागा आणि तिच्याखाली आणखी रिकामी जागा, हाराएवढी. आई कॅमेऱ्याकडे बघत होती. इतकी स्वस्थ मी तिला कधी पाहिली नव्हती. डोळे उघडे होते.

मी बाहेर आले ती ओरडतच. "तुम्ही शब्द दिला होता मला!"

"दिला होता," ते ढवळत म्हणाले. "ताईंनाही तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, शब्द तिला दिलाय, फोटो माझा आहे."

मी प्रिंट चुलीत घातला. मग निगेटिव्ह आणि पाकीटही. त्यांनी मला अडवलं नाही, हात फक्त ढवळायचा थांबला. प्रिंट आधी कडेने वळला, आईच्या चेहऱ्यावर फुगा आला आणि तो काळा झाला. निगेटिव्ह आक्रसून गेली आणि आंबट, घाणेरडा धूर ट्रेच्या भोवतीने वर आला.

"वास लागेल सिरपला," ते हळूच म्हणाले. ट्रे मात्र उतरवला नाही.

मागे टप, टप, टपटप चालू होतं. खोटं कशाला बोलू, मला जिंकल्यासारखं वाटत होतं. जणू मी कुणाच्या तरी हातातून आईला ओढून परत आणलं होतं.

आई खाली आली. तिला विचारावं लागलं नाही. संध्याकाळी खोलीत ती म्हणाली, "तुझ्या बाबांचा फोटो आठवतो ना गं? बँकेच्या पासबुकावरचा मोठा करून आणला तुझ्या भावाने. अर्धा शिक्का कपाळावर. दोन वर्षं मी रोज त्या शिक्क्याला नमस्कार करते. माझा तरी चांगला असावा, एवढंच वाटलं."

"तुला काय झालंय? अजून वीस वर्षं आहेत तुला."

"असतील की," आई म्हणाली आणि पायावर रजई ओढून घेतली.

महिनाअखेरीला ती परत गेली. एअरपोर्टवर मी तिच्या पाया पडले, मोज्यांवरूनच. मग मीही ते घर सोडलं आणि हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहायला गेले. निघताना त्यांनी दारात एक बाटली पुढे केली. त्या दिवशीच्या सिरपची होती. मी ती घेतली नाही.

ऑगस्टमध्ये भावाचा फोन आला. आई सकाळी पूजेला बसली होती, तिथेच गेली. हार्ट फेल्युअर, डॉक्टर म्हणाले, बरेच महिने असणार. "पाय सुजायचे गं तिचे," भाऊ रडत म्हणाला. "तुझ्याकडून आली तेव्हापासून. म्हणायची विमानाने सुजलेत, उतरतील."

मी फोन ठेवला आणि दुसरा फोन लावला. का लावला ते मला आजही धड सांगता येत नाही. माणशी एकच फ्रेम, हे मला ठाऊक होतं. तरी वाटलं, त्यांच्याकडे काहीतरी असेल. माझ्या आवाजावरून त्यांना ओळख पटली नसावी, कारण मला नीट बोलताच येत नव्हतं. "काका..." एवढंच निघालं.

"हार केवढा आहे?" त्यांनी विचारलं.

मी परत "काका" म्हटलं. मग त्यांना कळलं.

"नाही माझ्याकडे," ते म्हणाले. "डॉक्टर, माझ्याकडे नाही."

भावाने मग माझ्याच एका डिजिटल फोटोवरून काम भागवलं. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात त्या विशीतल्या मुलीने काढलेला, आम्ही दोघी शेजारी शेजारी, माझा हात आईच्या खांद्यावर. स्टुडिओवाल्याने मला कापलं. हात कापता येईना, कारण पंजा खांद्यावरून पुढे आला होता. त्यामुळे आईच्या उजव्या खांद्यावर मनगटापासून तोडलेला एक पंजा राहिला, चार बोटं पुढे आणि अंगठा मागे. हनुवटीखाली लगेच फोटो संपतो. भाऊ जाड झेंडूचा हार घालतो, म्हणजे हात झाकला जातो. फुलं सुकून आकसली की बोटं परत बाहेर येतात. तेराव्याला एक लहान भाची ते बघून किंचाळली होती.

पुढच्या फेब्रुवारीत मी त्या फोटोची कॉपी घेऊन मेडनहेडला गेले. बागेत धुकं होतं. ते झाडापाशी उभे होते, खोडाला कान लावून. तिसऱ्या झाडाला या वर्षी डबा नव्हता. दोनच आवाज येत होते.

"त्या पाकिटावर काय लिहिलं होतं तुम्ही?" मी नमस्कारसुद्धा न करता विचारलं. "चपलेची खूण म्हणजे काय?"

"ताई पाय शेकायला मोजे काढून बसायच्या ना," ते म्हणाले. "चपलेच्या पट्ट्याची खूण पायावर असायची. खोल. अर्ध्या तासाने बघावं तर तशीच."

बोटाने दाबून बघायचं, खड्डा राहतो का, आणि राहिला तर हृदयाकडे बघायचं. हे आम्हाला तिसऱ्या वर्षाला शिकवतात. मी वॉर्डात दिवसाला वीस पेशंटांचे पाय दाबत होते.

"मग मला सांगायचं होतं ना!" माझा आवाज चिरकला. "सगळं दिसतं तुम्हाला, तर सांगत का नाही कुणाला?"

"सेक्रेटरींना सांगितलं होतं, हात डॉक्टरला दाखवून घ्या. हसले ते. मी फोटोग्राफर माणूस." ते माझ्याकडे बघत राहिले, त्यांच्या त्या जुन्या पद्धतीने. "आणि तुम्ही तर डॉक्टर. मला वाटलं, तुम्हाला आधीच ठाऊक असेल. म्हणूनच तुम्ही फोटो नको म्हणताय."

मी तिथेच ओल्या गवतात बसले. डबे ठिबकत होते. त्या पाकिटावर माझ्या आईचं निदान लिहिलेलं होतं आणि मी ते चुलीत घातलं होतं. पाच महिने हातात होते. मी त्यातला एकही वापरला नाही, कारण मला वाटलं होतं की मी तिला वाचवलंय.

थोड्या वेळाने त्यांनी मला हात देऊन उठवलं आणि आत नेलं. मोजायच्या जगमधून चहा दिला. मी तो प्यायले. टेबलावर ती बाटली होती, मी न घेतलेली. तिच्यावर त्यांच्या बारीक अक्षरात तारीख होती आणि खाली लिहिलं होतं, 'ताईंनी ढवळलेलं'. मी झाकण उघडून बोट बुडवलं. गोड होतं, आणि त्या गोडाच्या मागे जळक्या फिल्मचा वास होता. मी दुसऱ्यांदाही बोट बुडवलं.

मग मी पिशवीतून आईचा फोटो काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो खिडकीपाशी नेला, तिरका केला, सरळ केला. खांद्यावरच्या पंजावर त्यांचं बोट थांबलं.

"हा तुमचा," ते म्हणाले.

"हो."

"कॉम्प्युटरवर निघतो आता. मी शिकलोय. खाली जागाही वाढवून देता येईल." ते थांबले. "काढू का हात?"

मी वर भिंतीकडे पाहिलं. फ्लॅश धरलेला तो हात चंदनाच्या हारातून वर आला होता. सकाळचा हार नुकताच उचलून बघितलेला असणार, तो थोडा तिरका बसला होता.

"नको," मी म्हटलं. "राहू दे."

त्यांनी मान हलवली. फोटो परत माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद द्यावा तसा.

"मग हार लहान घाला," ते म्हणाले.